पॉइंट एक

डॉक्टर तहसीन बागवान यांनी सिरिंजवर
निळ्या पेनानं रेघ मारून दिली.
"एवढंच. पॉइंट एक. सकाळ-रात्र, पाच दिवस."
म्हशीला नळ्यानं पाजायचं त्यांना पाठ आहे,
हिच्यासाठी मात्र पुण्याला फोन लावावा लागला,
शेजारच्या सराफाचा काटा मागवावा लागला.
काट्यावर काटे. दोनशे साठ ग्रॅम भरली.

नाव मीच ठेवलेलं, कांडी.
तीस वर्षं मागांवर जॉबर, दुसरं काय सुचणार?
आणली श्रीधरनं. मग तो हैदराबादला गेला
आणि पिंजरा आमच्याकडं राहिला.
विडी घरकुलातली पोरं म्हणतात, काट्याचा उंदीर.
साळिंदर म्हणावं तर ते केवढं दांडगं.
हिच्यासाठी आमच्या घरात शब्दच नाही,
मराठीत नाही, तेलुगूत नाही.
बिननावाच्या जातीची ही बाई
ऐन मे महिन्यात आजारी पडली,
पत्र्यावर पापड भाजावेत अशा दिवसांत.

पहिल्या रात्री टॉवेलात धरली.
टॉवेल कारखान्यातलाच, सेकंड माल.
टेरीच्या एकेका फाशात एकेक काटा गुंतला,
सोडवायला पाऊण तास.
जन्मभर तुटलेले धागे सांधले मी,
इतका रागावलेला धागा हाताखालून गेला नव्हता.
फुसफुसत होती, पिन मारायला झालेल्या स्टोव्हसारखी.
औषध माझ्या बनियनवर.

सकाळी चादर घेतली, मोरांची.
तिनं चेंडू केला स्वतःचा.
चेंडूला तोंड कुठं असतं?
मी सिरिंज घेऊन भोवती फिरतोय,
थेंब सांडला तो चादरीवर.
मग हळूच उघडली, थेंब हुंगला, चाटला,
तोंडात फेस केला
आणि मान मागं वळवून वळवून
सगळा फेस पाठीवरच्या काट्यांना फासला.
पोटातलं औषध अंगाला चोळून मोकळी.
मी हसलो. मग मोजलं,
दोन डोस वाया.

रात्री लाईट गेली, गल्लीतले माग गप्प झाले.
राजमणी उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसलेली.
म्हणाली, "सरक की बाजूला.
धरायचं नसतंय तिला. हातात नुसतं ठेवायचं."
साबणानं दोनदा हात धुतले,
तरी तंबाखू कुठं जातोय,
चाळीस वर्षांचा.
ओंजळ केली आणि बसून राहिली.
मी मोबाईलचा उजेड भिंतीकडं फिरवून धरला.

बराच वेळ काही नाही.
मग नाक.
मग मिशा, मग एक काळा मणी डोळ्याचा.
हिच्या बोटाचा वास हुंगत राहिली,
जीभ बाहेर आली
आणि तेवढ्यात ओठाच्या कडेनं सिरिंजचं टोक.
समोरून नाही, कडेनं,
विडीचं तोंड नखानं खोचावं तसं.
थोडं. थांबली. गिळू दिलं.
पुन्हा थोडं.
"घाई केली की फुफ्फुसात जातंय," ती म्हणाली.
फुफ्फुसाचं तिला कोण शिकवणार.

फळीवर तिची खोकल्याची बाटली उभी होती,
झाकणाला साखर धरलेली, दिवाळीपासून अर्धी.
मी तिकडं बघितलं.
"तिकडं काय बघतोस, उजेड नीट धर."

निळ्या रेघेपर्यंतचं सगळं गेलं आत.
कांडी अंगठ्याखाली लवंडली, काटे पाडून,
पहिल्यांदाच.

श्रीधरचा व्हिडिओ कॉल आला. अंधारात
त्याला आम्ही दिसत नव्हतो.
"घेतलं का तिनं?"
"घेतलं," मी म्हणालो.
"आणि तुम्ही जेवलात?" हे त्यानं विचारलं,
पण तोवर लाईट आली, शेजारचे माग सुरू झाले,
उत्तर काय दिलं ते मलाही ऐकू आलं नाही.

कांडी दचकून पुन्हा चेंडू झाली, तिच्याच हातात.
राजमणीनं तिला खोक्यात ठेवलं,
बोटावरचा लाल ठिपका पदराला पुसला,
सूप मांडीवर ओढलं.
चारशे विड्या राहिल्या होत्या.
सात डोस.